टेलला पाणी पोचतंय का

शुगरच्या पेशंटची फाईल सहसा जाडजूड असते. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांचा अंदाज देणारं एचबीएवनसी, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, ईसीजी, क्वचित डोळ्यांच्या पडद्याचा फोटो. एकेक पान उलटत जावं आणि पायांबद्दल एक ओळही सापडू नये, असं अजून फार वेळा होतं. पंधरा वर्षांचा मधुमेह, पंधरा वर्षांची औषधं, आणि तेवढ्या काळात चपला काढायला लावून पाय कुणी पाहिलेले नाहीत. जखम झाली की पाहतात. मग फाईलमध्ये भराभर कागद वाढतात आणि त्यातला एक शस्त्रक्रियेच्या संमतीचा असतो.

मी मिरजेच्या एका मधुमेहाच्या दवाखान्यात पाय तपासते. पायातली संवेदना आणि पायापर्यंत पोचणारं रक्त, या दोन गोष्टी मोजायच्या, कागदावर उतरवायच्या आणि डॉक्टरांपुढे ठेवायच्या, हे माझं काम. संवेदनेबद्दल लोक आता थोडंफार बोलायला लागलेत. पाय बधिर झालेत, मुंग्या येतात, चप्पल कधी निसटली कळतच नाही, हे आपणहून सांगतात. रक्तप्रवाहाची तक्रार घेऊन मात्र क्वचितच कुणी येतं. त्याची कारणं या आजारातच आहेत, आणि हे लिहायला बसले ती त्या कारणांसाठीच.

आधी हातानं काय कळतं ते सांगते. अंगठा वर उचलला की पावलाच्या पाठीवर एक दोरी ताणलेली दिसते. तिच्या जरा बाहेरच्या अंगाला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधून वर सरकत गेलं की बोटांखाली एक ठोका लागतो. दुसरा ठोका आतल्या घोट्याच्या मागं, घोटा आणि टाच यांच्यामधल्या खोबणीत. तीन बोटं टेकवायची, तीही हलकी. जोर दिला तर पायाचा ठोका बंद पडतो आणि आपल्याच बोटांतला ठोका पेशंटचा वाटायला लागतो. शंका आली की दुसऱ्या हातानं पेशंटच्या मनगटाची नाडी धरायची आणि दोन्ही एकाच वेळी पडतायत का ते बघायचं. काही धडधाकट माणसांत पावलावरचा ठोका जन्मतःच लागत नाही, त्यामुळे तो एकटा सापडला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. दोन्ही हरवले असतील तर मात्र प्रकरण पुढे न्यायलाच हवं. पायावर सूज असली, थंडीनं पाय गारठलेले असले, की ठोका शोधायला वेळ लागतो. भरलेल्या ओपीडीत नेमका तोच नसतो.

आणि आमच्याकडे पाय पुढे करायलाच वेळ लागतो. जतकडून आलेली एखादी आजी लुगड्याच्या घोळात पाय ओढून घेते. "नगं बाई, तू माज्या पायाला हात लावू नगंस." वयानं लहान असलेल्यानं पायाला हात लावायचा तो नमस्कारासाठी, तपासण्यासाठी नव्हे, हे डोक्यात पक्कं बसलेलं. माळकरी आजोबांचं तर तपासून झालं की ते उलट माझ्याच पाया पडायला वाकतात, त्यांचे हात मला मधेच धरावे लागतात. काहींना लाज वाटते ती भेगांची, भेगांत बसलेल्या मातीची, वाकड्या जाड नखांची. रानातून थेट आलेल्या माणसाच्या पायाला माती असायचीच. आम्ही कोमट पाणी आणि टॉवेल ठेवतो आणि पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मगच सुरुवात करतो. बेचकीतली चीर, कुरूपाखालचं रक्त, टाचेच्या कडेला बसलेला काळसर डाग, हे सगळं धुतानाच दिसतं.

आता तक्रार का येत नाही ते. पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद व्हायला लागल्या की शुगर नसलेल्या माणसाला पोटरी सांगते. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की काही मिनिटांत सुटतो, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो. "बसस्टँडपासून देवळापर्यंत जातो, मग कट्ट्यावर बसावं लागतं," असं नेमकं अंतर लोक सांगतात. शुगरच्या माणसात पोटरीचा हा निरोप अनेकदा वर पोचतच नाही, कारण निरोप नेणारे मज्जातंतू साखरेनं आधीच खराब केलेले असतात. कुणी गुडघ्यांमुळे चालणंच सोडलेलं असतं, मग गोळा यायचा कुठून? कुणी "वय झालं" म्हणून विषय संपवतं.

दुसरी फसवणूक स्पर्शाची. रक्त कमी पोचत असेल तर पाऊल गार लागणार, असं आपण सगळेच धरून चालतो. पण मधुमेहात कातडीतल्या बारीक वाहिन्या आवळून धरणारे मज्जातंतूही निकामी होतात. मग जे काही थोडं रक्त येतं ते कातडीखालच्या आडवाटांनी, पेशींना न भेटताच, शिरांमधून परत फिरतं. पाऊल हाताला उबदार लागतं, वरच्या शिरा भरलेल्या दिसतात, आणि बोटांना मात्र रक्त मिळत नसतं. दुखत नाही, गार नाही, दिसायला बरं. अशा पायाचा मालक दवाखान्यात येऊन कशाची तक्रार करणार? म्हणून मोजावं लागतं. इथे मोजण्याला पर्याय नाही, हे मी इतक्या ठामपणे म्हणते ते याच अनुभवावरून.

मोजायची सुरुवात हातात धरायच्या छोट्या डॉप्लरनं होते. पेनाएवढा प्रोब, त्याला जोडलेला एक लहान डबा, त्यात स्पीकर. घोट्यावर जेलीचा थेंब टाकायचा, प्रोब तिरका धरायचा आणि आवाज शोधायचा. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं 1842 मध्ये प्रागला जो निबंध वाचला तो जोडताऱ्यांच्या प्रकाशाच्या रंगाबद्दल होता. हलणाऱ्या वस्तूकडून येणाऱ्या लहरी बदलतात, हे त्यातलं सूत्र. तेच आज पायातल्या तांबड्या पेशींवर आदळून परतणाऱ्या ध्वनिलहरींना लागू होतं आणि आपल्याला रक्त वाहताना ऐकू येतं.

निरोगी धमनीचा आवाज तीन टप्प्यांचा असतो. जोरात पुढे, क्षणभर मागे, पुन्हा हलकासा पुढे. कान तयार झाला की हे तीन भाग वेगवेगळे कळतात. वर कुठे अडथळा असेल तर आधी तिसरा टप्पा जातो, मग मधला, आणि शेवटी उरतो एकच लांब, सुस्त 'हूऽऽ... हूऽऽ'. स्पीकर मोठा केला की खोलीतल्या सगळ्यांना तो ऐकू येतो. सोबत आलेला मुलगा मोबाईलमधून मान वर काढतो. उजव्या पायाचा आवाज आणि डाव्या पायाचा आवाज एकापाठोपाठ ऐकवले की त्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

मग येतो आकडा. पेशंटला पाच-दहा मिनिटं आडवं पडू द्यायचं, दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं वरचं प्रेशर डॉप्लरनं घ्यायचं आणि घोट्याच्या प्रेशरला दंडाच्या जास्तीच्या प्रेशरनं भागायचं. यालाच एबीआय, म्हणजे अँकल-ब्रेकियल इंडेक्स, म्हणतात. घोट्याचं प्रेशर दंडाइतकं किंवा थोडं जास्त असणं ही तब्येतीची खूण, म्हणजे भागाकार 1 ते 1.4. 0.9 किंवा त्याखाली आला तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं धरायचं. घोट्याचं प्रेशरच 50 च्या खाली असेल आणि पायाला जखम असेल तर त्या पेशंटला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवायला वेळ लावायचा नाही. ज्या दवाखान्यात बीपी बघतात तिथे या तपासणीसाठी फक्त डॉप्लरचा डबा आणि मोकळा पलंग लागतो. तरी ती होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण शुगरच्या पेशंटमध्ये हा आकडासुद्धा खोटं बोलतो, आणि तो गोड खोटं बोलतो. एसटीतून निवृत्त झालेले एक काका आले होते. वीस वर्षांची शुगर, डाव्या पायाच्या करंगळीला चपलेचा पट्टा घासून झालेली छोटी जखम, दीड महिना ड्रेसिंग चालू, भरायचं नाव नाही. दंडाचं प्रेशर 140. घोट्याला पट्टा बांधला आणि हवा भरत गेले. 180 झालं, 200 झालं, आवाज चालूच. शेवटी 210 ला थांबला. भागाकार 1.5. सोबतच्या सुनेनं कागदावरची सामान्य मर्यादा वाचली आणि म्हणाली, "म्हणजे पायात जास्तच रक्त आहे की!" तिचं चुकलं नव्हतं, कागदावरून कुणालाही तसंच वाटलं असतं. काही पेशंटमध्ये पट्टा 250 पर्यंत फुगवला तरी आवाज थांबत नाही.

हे होतं कारण धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात चुना साठलेला असतो. म्योंकेबर्ग नावाच्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानं 1903 मध्ये हा प्रकार नोंदवला. अशी धमनी कडक होते, पट्ट्यानं दाबली जात नाही, त्यामुळे प्रेशर जास्त येतं, आत रक्त कितीही कमी वाहत असो. पायाचा साधा एक्स-रे काढला तर त्या धमन्या रुळांच्या जोडीगत पांढऱ्या उमटलेल्या दिसतात. जुनी शुगर, किडनीचा त्रास, वय, या तिन्हींत हे जास्त. आणखी अडचणीची गोष्ट अशी की अडथळा आणि कडकपणा दोन्ही एकत्र असले की आकडा मधेच कुठेतरी, अगदी 1.0 किंवा 1.1 असा नॉर्मलही येतो. म्हणून शुगरच्या माणसाचा नॉर्मल एबीआय बघून फाईल बंद करायची नसते. डॉप्लरचा आवाज एकच टप्पा देत असेल तर विश्वास आवाजावर ठेवायचा.

अशा वेळी खाली जायचं, अंगठ्याकडे. बोटांच्या धमन्यांत हा चुना सहसा कमी साठतो. अंगठ्याच्या मुळाशी दोन-अडीच सेंटीमीटरचा इवला पट्टा, टोकाच्या गरावर प्रकाशाचा सेन्सर, समोर पडद्यावर नाडीची लाट. पट्टा फुगवला की लाट सपाट होते, हवा सोडत आलं की एका आकड्याला ती पुन्हा उठते. तो अंगठ्याचा प्रेशर. थंड पायावर लाट येतच नाही, म्हणून आम्ही एसी बंद करतो, पायावर ब्लँकेट घालतो आणि थांबतो. दंडाच्या प्रेशरनं भागून 0.7 च्या खाली आला तर रक्त कमी पोचतंय. नुसता आकडा 30 च्या खाली गेला तर जखम आपोआप भरण्याची आशा फार कमी आणि पाय धोक्यात. त्या काकांच्या अंगठ्याचा प्रेशर आला 34. घोट्याला 210 आणि अंगठ्याला 34, एकाच पायात.

अंगठा आधीच कापलेला असेल तर शेजारच्या बोटावर मोजतात, आणि तिथे बायकांची जोडवी असतात. एका मावशींना मी ती काढायला सांगितली तर त्यांचा चेहराच उतरला. "ते बाहेर बसल्यात, आन् जोडवी कशी काढू?" बोट सुजून जोडवं कातडीत रुतलं होतं; रक्त कमी असलेल्या बोटाला तो वेढासुद्धा नको असतो. पडद्यापलीकडून मालकांचाच आवाज आला, "काढ गं, मीच सांगतुय." साबणाचं पाणी लावून हळूहळू फिरवत काढलं. त्यांनी ते रुमालात बांधून कनवटीला लावलं आणि मग पाय सैल सोडला.

अंगठ्याला एवढं महत्त्व का, हे मला एका शेतकऱ्यानं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी दुष्काळी जतपर्यंत यायला माणसांनी किती वर्षं वाट पाहिली, हे या भागात कुणाला सांगायला नको. त्यांनी अंगठ्याचा पट्टा बघितला आणि म्हणाले, "म्हंजे वरच्या गेटावर पाणी किती सोडलंय ते नाय बघत तुम्ही. टेलला पोचतंय का ते बघताय." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. अगदी तेच. कलर डॉप्लर या सोनोग्राफीचा पाच पानी रिपोर्ट आला तरी त्यात मांडीत इतके टक्के, पोटरीत इतके टक्के अडथळा असं लिहिलेलं असतं. शेवटच्या बोटाला किती मिळतंय ते बोटावरच मोजावं लागतं. काही मोठ्या केंद्रांत कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून, तो 44 अंशांच्या आसपास तापवून, कातडीतला ऑक्सिजनच मोजतात. त्याला वेळ लागतो आणि यंत्र महाग आहे, पण जखम भरेल की नाही याचा अंदाज त्यातून येतो.

आता ज्या गोष्टीसाठी माझा जीव तळमळतो ती. "शुगरमुळे बारीक रक्तवाहिन्या बंद झाल्यात, आता काही करता येणार नाही, पाय काढावा लागेल." हे वाक्य ऐकून आमच्याकडे दुसरं मत घ्यायला माणसं येतात. ही समजूत जुनी आहे. 1959 मध्ये कापलेल्या पायांचे नमुने तपासून असं मांडलं गेलं की मधुमेहात सूक्ष्म वाहिन्याच बुजतात. वाहिन्याच नाहीत तर रक्त पुढे न्यायचं कुठे, असा त्याचा अर्थ झाला, आणि त्या एका समजुतीपायी जगभर कितीतरी पाय वरच्या वर कापले गेले असतील. 1984 मध्ये बोस्टनच्या फ्रँक लोगेर्फो आणि जे कॉफमन यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ती खोडून काढली. मधुमेहात अडथळा मुख्यतः गुडघ्याखालच्या तीन धमन्यांत असतो आणि बऱ्याच जणांत पावलातल्या धमन्या उघड्या राहिलेल्या असतात, म्हणजे तिथपर्यंत रक्त नेता येतं, हे त्यांनी दाखवलं. पुढे पावलाच्या धमनीपर्यंतचे बायपास झाले, आता बारीक फुग्यांनी गुडघ्याखालची अँजिओप्लास्टी होते. प्रत्येकाची होते असं नाही. किडनी साथ देत नाही, जंतुसंसर्ग फार पसरलेला असतो, पैसे नसतात. पण "करता येणार नाही" हे अँजिओग्राफी पाहून ठरवायचं असतं, शुगर आहे एवढ्यावरून नव्हे. पाय कापायचं ठरण्याआधी अंगठ्याचा प्रेशर मोजला का, रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवलं का, हे दोन प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक घरच्या माणसाला आहे.

काकांची पोटरीतली एक धमनी उघडता आली. नंतर अंगठ्याचा प्रेशर 62 झाला. जखम भरायला तरी आणखी काही महिने गेले, कारण नुसतं रक्त पोचून भागत नाही. चपलेचा दाब काढावा लागतो, साखर आवरावी लागते, मेलेली कातडी काढत राहावी लागते. करंगळी राहिली.

घरोघरी होणाऱ्या काही गोष्टींनी मात्र पोटात गोळा येतो. पाय गार पडलेत म्हणून गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, शेकोटीजवळ पाय. बधिर पायाला चटका कळत नाही आणि रक्त कमी असल्यानं भाजलेलं भरत नाही. सूज आली म्हणून आवळून बांधलेलं क्रेप बँडेज, खाली रक्त किती आहे हे न बघता. कुरूपावर मेडिकलमधून आणलेली ॲसिडची पट्टी, नाहीतर ब्लेड. नवरात्रात अनवाणी राहण्याचा नवस. मी श्रद्धेच्या आड येत नाही, घरात वापरायची मऊ चप्पल तरी देवाला चालते का हे विचारून घ्या, एवढंच म्हणते. आणि तंबाखू. पुरुष बिडी कबूल करतात. बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं की "छे, कधीच नाही" असं उत्तर येतं, "मिश्री लावता का?" विचारलं की हसून मान डोलावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे त्यांना सांगायलाच कुणी गेलेलं नसतं.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एवढ्यांना सगळी यंत्रं लागत नाहीत. बोटांनी दोन्ही ठोके बघणं आणि संवेदना तपासणं वर्षातून एकदा सगळ्यांना. यातलं एक बिघडलेलं असेल तर सहा महिन्यांनी ते वर्षानं, दोन्ही बिघडली तर तीन ते सहा महिन्यांनी, पूर्वी जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. ताजी जखम असेल तर ठोका लागत असला तरी डॉप्लर आणि अंगठ्याचा प्रेशर हवाच. बोट निळं-काळं पडायला लागलं तर त्याच दिवशी, मग तो रविवार का असेना.

14 नोव्हेंबरला, मधुमेह दिनी, आमच्या भागात शिबिरं होतात. मांडव पडतो, खुर्च्या लागतात, बोटाला सुई टोचून साखर बघतात, चहा-बिस्किटं होतात आणि लोक आल्या चपलांनी परत जातात. आम्ही ज्या शिबिरांना जातो तिथे आता एक बाकडं आणि पडदा पायांसाठी मागून घेतो. साखर बघून झाली की रांग तिकडे वळते. ती हळू सरकते, कारण एकेका पायाला वेळ द्यावा लागतो, आणि मागचे कुरकुरतात. आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, रांगेतूनच सगळ्यांना मोजे काढून हातात घ्यायला सांगतात आणि ज्यांना वाकता येत नाही त्यांचे पाय स्वतः धुऊन देतात.